मेस्त्रीकाकांचं विरजण

मेस्त्रीकाकांकडे चहाला गेलं, की बाल्कनीकडे पाठ करून बसावं लागायचं. तिथे एक निळा ड्रम होता. त्यात फिशटँकचा पंप बुडबुडत असायचा आणि पाणी चॉकलेटी. मी पहिल्यांदा विचारलं, "काका, मासे कुठले पाळलेत?"

"मासे कसले रे? पोरां आसत माझी."

पोरं म्हणजे जंतू. मुलुंडच्या आमच्या कॉलनीमागे, नाल्याला लागून, सांडपाणी शुद्ध करायचा छोटासा प्लांट होता आणि काका त्याचे ऑपरेटर. आपण फ्लश ओढून मोकळे होतो. पुढचं सगळं हे जंतू खायचे आणि निवळलेलं पाणी आमच्या बागेला जायचं. काका रोज दुपारी टाकीतलं पाणी काचेच्या बरणीत भरून अर्धा तास तिच्यासमोर बसत. गाळ तळाशी बसला की म्हणत, "झकास! पोरां जेवली." मगच स्वतःचा डबा उघडत, तोही तिथेच, टाकीच्या कठड्यावर. आम्ही नाकाला रुमाल लावून पळायचो.

खरी पंचाईत गणपतीत. निम्मी कॉलनी कोकणातली. सगळे गावाला गेले की संडास बंद आणि जंतूंची उपासमार. काका गेटवर उभे राहून बॅगावाल्यांना अडवायचे. "सगळे एकदम जाव नका रे! दोन घरां तरी ठेवा!" एकदा माझ्या आईलाच म्हणाले, "वैनी, निघण्याआधी सगळ्यांनी एकदा जाऊन घ्या ना." आई कणकवली येईपर्यंत पुटपुटत होती. आम्ही तिकडे मोदक खात असताना काका इथे टाकीत गुळाचं पाणी आणि शेण कालवून पोरांना जगवत. स्वतः मात्र गणपतीला कधी गावी गेले नाहीत.

मग कॉलनीचं गटार मोठ्या लाइनला जोडलं आणि प्लांट बंद झाला. बाग वाळली. शेवटच्या दिवशी काकांनी टाकीतलं पाणी ड्रममध्ये भरून घरी आणलं. "विरजण आसा ता. प्लांट परत सुरू झालो की ह्याच घालूचा." तीन वर्षं रोज ड्रममध्ये गूळ पडत होता. सगळे हसायचे. मीही हसलो, आता त्याची लाज वाटते.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं, टाक्या बुजवून पार्किंग करायचं. मी कमिटीत, म्हणून काकांना सांगायला मलाच पाठवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पंप बंद केला आणि म्हणाले, "हात लाव रे जरा."

आम्ही ड्रम नाल्याच्या काठावर नेला. नाला काळाकुट्ट. काकांनी ड्रम हळूच कलता केला.

"जावा रे पोरांनो. हयसर खावक खूप आसा."

काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "काका, सुटलात की! यंदा गणपतीला गावी जा."

त्यांनी खिशातून उरलेला गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. "ह्यांच्यापायी इतकी वर्षां गेलंय नाय. थंय आता माका कोण वळाखता?"

"मग आमच्या गावच्या घरी चला."

"आधी वैनीक विचार."

मी तिथूनच आईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. आईला सगळं सांगितलं.

"त्यांना म्हणावं, या. पण निघण्याआधी एकदा जाऊन घ्या."

काका मोठ्यांदा हसले. मग रिकामा ड्रम उलटा करून त्यावर बसले आणि बराच वेळ डोळे पुसत राहिले.