कोबीच्या नक्षीची रजई

ताईच्या त्या पत्राला आबांनी उत्तर दिलंच नव्हतं. हात थरथरायला लागले तेव्हा ताईने आपलं शिवणाचं मशीन धाकट्या भावाकडे, म्हणजे आबांकडे, पाठवून दिलं होतं, सोबत दोन ओळी: 'मशीन चालतं का? आणि तू?'

उभा जन्म ग्रंथालयात काढलेल्या आबांना या दोन ओळींचं उत्तर जमेना. लिहायचे, वाचायचे, 'छे, फारच भावुक झालं!' म्हणून बाजूला टाकायचे. कागदांची चळत वाढत गेली, ताईचं वयही. ती रुसली तर नसेल ना, या विचाराने आबा पुन्हा नवा कागद घ्यायचे.

एके सकाळी त्यांनी जाहीर केलं, "सूनबाई, पत्रबित्र नको! ताईला रजईच शिवून पाठवतो. तिच्याच मशीनवर, वर पिसांची नक्षी!"

"आबा, तुम्हाला साधं बटण लावता येत नाही!"

"पुस्तक वाचलंय मी!"

पुस्तकात सोपंच होतं. मशीनचे दाते खाली केले की ते कापड पुढे सरकवत नाहीत. मग आपणच दोन्ही हातांनी कापड फिरवायचं. पेन स्थिर धरून वही फिरवावी तसं. पण आबांचा पाय वरातीच्या घोड्यासारखा आणि हात गोगलगाईचे! पिसाच्या जागी भलताच गोळा उगवला.

"कोबी छान आलाय हो!" सून म्हणाली.

"पीस आहे ते!"

पुस्तकात त्यावरही उपाय होता. नक्षी पातळ कागदावर काढायची, कागद रजईवर टाचायचा, त्याच्यावरूनच शिवायचं आणि मग कागद फाडून टाकायचा. पातळ कागद? आबांनी टाकलेल्या पत्रांची चळत काढली. पाठ कोरीच होती! लिहिलेली बाजू खाली, नक्षी वर.

पांढरीशुभ्र रजई कोबीने भरली, पण टाक्यांखालचा कागद काही सुटेना.

"जरासं पाणी लावा," सून म्हणाली.

आबांचं 'जरासं' म्हणजे चिंब फडकं. त्यांनी ते दाबून दाबून फिरवलं. कागद सुटला, शाई मात्र रजईवर बसली! जिकडे तिकडे निळी, उलटी अक्षरं!

"मातेरं झालं!" आबांनी फडकं फेकलं.

सुनेने हातआरसा आणला, रजईसमोर धरला आणि वाचू लागली, "'ताई, लोकांचे कपडे शिवून तू मला पुस्तकं आणलीस. मी आज जो काही आहे, तो तुझ्या मशीनवर शिवलेला आहे...'" पदराने डोळे टिपत ती म्हणाली, "आबा, हीच पाठवायची."

"अगं, शुद्धलेखन तपासलेलं नाही!"

दुसऱ्या दिवशी पोस्टातल्या कारकुनाने गाठोडं दाबून पाहिलं. "आत काय आहे?"

"रजई. जपून हं, फुटेल."

"रजई फुटते?"

"आत आरसा आहे. वाचायला."

कारकून आबांकडे बघतच राहिला. पण शिक्का मारला न् गाठोडं गेलं. आबांना पिसासारखं हलकं वाटलं. पायरी उतरता उतरता मात्र ते थबकले.

"सूनबाई, घात झाला! खाली सही राहिली!"

"असू दे हो," सून म्हणाली. "तो कोबी बघितला की आत्याबाई ओळखतील."