कुमारिकांच्या पायांचे तीर्थ

एका जंगलात, बाळांनो, झाडोझाडी भूतदयेच्या पाट्या लावलेल्या होत्या. त्यामुळे दया कुठे आहे, हे कुणाला शोधत बसावे लागत नसे. पाटी वाचली की काम भागे.

त्या जंगलात ऐरावतशेठ नावाचा हत्ती मधाचा आणि मोहाच्या फुलांचा व्यापार करी. तलावही त्याच्याच मालकीचा. शेठ मोठा भाविक. त्याने ‘कन्याकल्याण मंडळ’ स्थापन केले होते. मंडळाच्या वतीने दर उन्हाळ्यात तलावाचा एक पाट गोदाक्कांच्या शाळेकडे सोडला जाई.

गोदाक्का म्हणजे एक वृद्ध भेकरीण. ज्यांच्या आया वाघाने नेल्या, अशा भेकरांच्या मुली त्या सांभाळत. वाघाचा वास वाऱ्यावर कसा ओळखावा आणि तो आला की भुंकून साऱ्या रानाला सावध कसे करावे, एवढेच त्या शिकवत. रानाला तेवढे पुरत असे.

पुढे मंदी आली. मोहाचा बहर हुकला. मधाला गिऱ्हाईक उरले नाही. काटकसर कुठून सुरू करावी, यावर मंडळाने पुष्कळ चिंतन केले. शेठचे दोन्ही वेळचे स्नान हा नित्यनेम होता; त्यात खंड पाडणे अधर्म झाला असता. सोंडेचे कारंजे पाहुण्यांसाठी होते, आणि पाहुण्यांचा हिरमोड शास्त्राला मान्य नाही. उरला मुलींचा पाट. तो बंद झाला.

शाळेजवळचा झरा केव्हाच आटला होता. मुली झाडांच्या साली चाटू लागल्या. सर्वांत धाकट्या शेवंतीचे तर उभे राहिले की गुडघे थरथरत. पाऊस दूर होता. तोवर पाणी मिळाले नाही तर ही मुलगी हाती लागणार नाही, हे गोदाक्कांना दिसत होते.

म्हणून त्या मंडळाचे कार्यवाह मयूरपंत यांच्याकडे गेल्या. हे पंत जातीने मोर, आणि वृत्तीनेही. गोदाक्कांनी पाणी मागितले. पंतांनी त्यांना मायेने समजावले की, नुसते पाणी देणे ही आता जुनी पद्धत झाली. पाणी पिऊन संपते आणि मागे दाखवण्यासारखे काही उरत नाही. यंदा मंडळाचा भर सन्मानावर आहे. येत्या अष्टमीला तलावाकाठी सर्व मुलींचे कुमारिकापूजन होईल.

गोदाक्कांचा जन्म पूजाअर्चा पाहण्यात गेला होता. कुमारिकेचे पाय धुतात, तिला जेवू घालतात, ती तृप्त झाल्यावरच यजमान घास घेतो, हे त्यांना ठाऊक होते. पाणी पाटाने आले काय किंवा पूजेने आले काय, असा विचार करून त्या मुलींना घेऊन निघाल्या. शेवंतीला वाटभर मागून रेटावे लागले.

सोहळा देखणा झाला. पंतांनी पिसारा फुलवला. शेठने सोंडेने पाणी ओतून एकेकीचे पाय धुतले, खुरांना कुंकू लावले. त्याला गहिवर आवरेना. परातीत पाणी साचले तशी शेवंतीने मान खाली घातली.

पंतांनी परात ओढून घेतली.

“अगं, ते तीर्थ आहे,” ते म्हणाले. “देवीने स्वतःचेच तीर्थ प्यायचे नसते.”

तीर्थ मंडळाच्या विश्वस्तांनी घेतले. मग कलिंगडांचा नैवेद्य आला. तो मुलींपुढे ठेवला गेला, सर्वांनी डोळे मिटले, आणि डोळे उघडताच तो उचलला गेला. देवाला भाव पुरे, असे संत सांगून गेले. मंडळाने त्यातून एवढेच घेतले की, देवाला जेवण नको. प्रसाद विश्वस्तांना गोड लागला.

तेव्हा गोदाक्का पुढे झाल्या.

“शेठ, या मुली आता देवी आहेत ना?”

“साक्षात,” शेठ म्हणाला.

“मग देवीची आज्ञा मोडणार नाही ना तुम्ही?” त्यांनी शेवंतीला पुढे केले. “सांग बाळ, काय हवं तुला?”

“पाणी,” शेवंती म्हणाली.

शेठ भाविक होता, खरोखरच होता. त्याची सोंड तलावाकडे वळलीसुद्धा. तेवढ्यात पंतांनी घाईघाईने मुलींवर चार अक्षता टाकल्या आणि उत्तरपूजा उरकली.

“विसर्जन झाले,” ते म्हणाले. “आता या साध्या मुली. यांनी रीतसर अर्ज करावा.”

“पंत, तुम्ही होतात म्हणून निभावलं,” असे म्हणून शेठने सोंड आवरली.

गोदाक्का वाद घालत बसल्या नाहीत. मुलींचे खूर अजून ओले होते आणि उतरते ऊनही कडक होते. कुंपणाबाहेर येताच त्यांनी मुलींना थांबवले आणि एकमेकींचे खूर चाटायला सांगितले. साऱ्याजणींनी आपले पाय आधी शेवंतीपुढे केले. कुंकवाने तिची जीभ लाल झाली.

कुंपणापलीकडून हे पाहून पंत भारावले.

“पाहा शेठ,” ते म्हणाले, “मुली स्वावलंबी झाल्या. पुढल्या वर्षी पाट सोडायचे कारणच उरले नाही.”

शेठने कृतार्थ होऊन डोळे पुसले आणि तो सायंस्नानासाठी तलावात उतरला.

शेवंती अर्ध्या वाटेत बसली, ती पुन्हा उठली नाही. गोदाक्का तिच्याजवळ बसून राहिल्या.

तात्पर्य, बाळांनो, नीट पाठ करून ठेवा: मंदीच्या दिवसांत दान परवडेनासे झाले, तर पूजा करावी. देवी काही मागत नाही. आणि मागितलेच, तर तिचे विसर्जन करता येते.