एक बोट प्राइम, दोन बोटं झूम

दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढं काचा बदलत "हे स्पष्ट, की मघाचं?" असं विचारणाऱ्या चष्मेवाल्यांना स्वतःच्या कॅमेऱ्याच्या दोन लेन्सांतली एक निवडता येत नव्हती. दोन्ही जुन्या, हातानं फोकस करायच्या, लांबचं जवळ आणणाऱ्या. झूमची नळी सरकवली की हवं तितकं जवळ. प्राइम मात्र जागची हलायची नाही; मागंपुढं व्हायचं ते आपण. "अगदी तुझ्यासारखी," असं बायकोला सांगून चष्मेवाल्यांनी एकदा जीभ चावली होती.

"कपाटात एकच राहील," बायकोनं निकाल दिला. "दुसरीच्या जागी माझे दोऱ्यांचे डबे. संध्याकाळी भाऊजी येतील, त्यांना एक देऊन टाका."

द्यायची कुठली, हे ताडून बघायचं ठरलं. पण जुन्या लेन्सा फोटोत आपलं नाव सोडत नाहीत. नंतर कुठला फोटो कुठल्या लेन्सचा, कळायला मार्ग नाही. म्हणून तोडगा निघाला. बायकोनं मैदानापलीकडच्या गच्चीवर उभं राहायचं. प्राइम असली की एक बोट, झूम असली की दोन. चष्मेवाल्यांनी खिडकीतून रुमाल हलवला की बोटं बदलायची.

बायकोनं एक बोट वर केलं. चष्मेवाल्यांनी फोटो काढला. थोड्या वेळानं कॅमेऱ्यात तिच्या शेजारी खालच्या गाडीवरचा पाववाला उगवला, हातात एक पाव.

"अहो, ते बोट तुम्हाला नव्हतं!" बायकोचा आवाज लेन्सशिवायच मैदान ओलांडून आला.

पाव ठेवून पाववाला उतरला. रुमाल हलला, दोन बोटं वर झाली. पाववाला दोन पाव घेऊन धापा टाकत परत हजर.

"नको हो, नको!" म्हणत बायकोनं पंजा हलवला. तो खालून पाववालीनं पाहिला, आणि ती पाच घेऊन निघाली.

चष्मेवाले 'बाजूला व्हा' म्हणून रुमाल हलवत राहिले, बायको इमानेइतबारे बोटं बदलत राहिली, शिवाय "एक नको, दोन नको" हेही बोटांनीच समजावत राहिली. त्या गडबडीत लेन्सा बदलल्या किती वेळा, चष्मेवाल्यांनाही आठवेना.

संध्याकाळी टेबलावर पावांचा ढीग, आणि त्यामागं संगणकावर फोटो. एकात तीन बोटं, एकात पंजा. एकात बायको पदर तोंडाशी धरून, पोट आवळून हसत होती. मागं टाकीतून गळणारं पाणी चमकत होतं.

"ही मी?" बायको खुर्ची ओढून बसली. बराच वेळ बघत राहिली. "किती वर्षांनी..." आणि मग, "हा कुठल्या लेन्सचा हो?"

"तेच तर कळत नाही."

"दादा, मग मी कुठली नेऊ?" धाकट्या भावानं विचारलं.

"कळेपर्यंत एकही नाही," बायको म्हणाली. "दोरे राहतील पलंगाखाली. भाऊजी, तुम्ही पाव न्या."

चष्मेवाले पडद्याजवळ वाकले. लेन्सच्या पोटात उजेड कमी-जास्त करणाऱ्या जितक्या पाकळ्या, तितके कोपरे मागच्या उजेडाच्या धूसर ठिपक्याला येतात. प्राइमच्या पाकळ्या आठ, झूमच्या सहा. बायकोमागचा पाण्याचा प्रत्येक थेंब चक्क षटकोनी उमटला होता.

"काही दिसतंय का?" बायकोनं विचारलं.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि खिशात ठेवला.

"छे," ते म्हणाले. "काहीच दिसत नाही."