न्हाणीघराच्या दारावरचं इंग्लंड

आमच्या दिगू भाऊजींनी न्हाणीघराचं दार काढलं आणि त्यावर इंग्लंड वसवलं. शब्दशः. दार सागवानी, बिजागऱ्यांसकट उतरवलं, वरच्या खोलीत दोन पेट्यांवर आडवं टाकलं आणि त्यावर बोटाएवढ्या आगगाडीचे रूळ ठोकले. तेव्हापासून आदिलाबादेतल्या आमच्या घरी नियम झाला: अंघोळीला जाणाऱ्यानं मोठ्यानं गात राहायचं. दाराच्या जागी माझं जुनं लुगडं लटकायचं, आत कोणी आहे की नाही ते गाण्यावरूनच कळायचं. मला मंगलाष्टकांशिवाय काही पाठ नाही. शेजारणीला वाटायचं, आमच्याकडे रोज सकाळी लग्न लागतं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. सगळी नोकरी बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून झाली, म्हणजे खिडकीत बसायचं आणि गाड्या सोडायच्या. शिट्टी आणि 'रैट, रैट' एवढ्या भांडवलावर माणूस पेन्शनीला पोहोचला. अजूनही जेवण झालं की ताटाला 'रैट' म्हणतात. पाहुणा फार बसला तर त्यालाही.

पेन्शनीत त्यांना मोबाइल मिळाला आणि मोबाइलात एक विलायती म्हातारा. तो नवशिक्यांना समजावून सांगायचा की गाडी छोट्या मापाची घ्या, एकच देश आणि एकच जमाना धरा, आणि पाया म्हणून घरातलं एखादं जुनं दार घ्या. भाऊजींनी सगळं तंतोतंत ऐकलं. विलायतेतून इंजिन आलं, डबे आले, वीज कमीजास्त करायची पेटी आली. दार तेवढं म्हाताऱ्यानं पाठवलं नाही.

'एकच देश' यावर ते फार कडक. त्या दारावर इंग्लंडाबाहेरचं काही ठेवायचं नाही. मी विचारलं, मग ही झाडं पराटीची काऊन? कापूस वेचून वाळलेल्या काड्या त्यांनी मापात कापून रोवल्या होत्या. ते म्हणाले, लांबून ओक दिसते. गवत म्हणजे हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा. मेंढ्या आमच्याच शेतातल्या कापसाच्या, आणि पंखा लावला की त्या उडून समुद्रात जातात, म्हणून ऐन ऑक्टोबरात त्या खोलीत पंखा बंद. खाली मिरचीची फोडणी घालायची झाली तर आधी वर वर्दी द्यावी लागते, कारण एक शिंक आली की एक्स्प्रेस रुळावरून खाली. स्टेशनाच्या पाटीवर इंग्रजीत आणि खाली तेलुगूत 'न्यू वांकिडी'. आमचं मूळ गाव वांकिडी. विलायतेत वांकिडी कुठून आली, असं विचारणाऱ्याला ते 'रैट' म्हणतात.

सिग्नलवर तर त्यांचं व्याख्यानच असतं. इंग्रजांच्या अमुक लाइनीवर हात वर जातो, तमुक लाइनीवर खाली पडतो. ते ऐकताना मला अठरा वर्षांची मी आठवते. लग्न होऊन छोट्या लाइनीच्या गाडीनं इकडे आले तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा सिग्नल पाहिला. त्याचा हात खाली पडला आणि मला वाटलं, गावातला कोणी मोठा माणूस नव्या सुनेला रामराम करून राह्यला. मी पदर सावरून, खिडकीतून वाकून नमस्कार केला. प्रत्येक सिग्नलला. सासरच्या डब्यात कोणी मला अडवलं नाही, मेल्यांना मजा येत होती.

दसरा जवळ आला. मुली-जावई येणार. जावयांना गात अंघोळ करायला लावणं मला प्रशस्त वाटेना. मी भाऊजींना सांगितलं, दसऱ्याला सगळ्यांसमोर तुमच्या गाडीनं न थांबता एक पूर्ण चक्कर मारली तर दार तुमचं. नाही तर दुसऱ्या दिवशी सुतार येईल आणि इंग्लंड खाली उतरेल. त्या दिवसापासून जेवायलासुद्धा हाक मारावी लागायची. वर रूळ कानशीनं घासत बसायचे.

दसऱ्याला घरात सायकलीची, शिवणयंत्राची, विळ्याकोयत्याची पूजा होते. गाडीनं काय पाप केलं? मीच केली. इंजिनाला हळदकुंकू, डब्यांना हळदकुंकू, रुळांना तर वळणावळणावर भरभरून. निरांजनातलं तेलही थोडं सांडलं, ते शुभच समजले. भाऊजी कपडे बदलून वर आले तोवर सगळं झालं होतं.

सगळे जमले. भाऊजींनी शिट्टी फुंकली. गाडी एका वळणापर्यंत गेली, थरथरली आणि थांबली. मग मला कळलं, वीज रुळांतूनच चाकांत जाते आणि हळदीला ते काम येत नाही. धाकटे जावई म्हणाले, अख्ख्या देशाला इतकी वर्षं लागली, आमच्या सासूबाईंनी इंग्रजांना चिमूटभर कुंकवात थांबवलं. सगळे पोट धरून हसले. भाऊजीही हसले. पण सुताराला निरोप धाडा, असं त्यांनीच म्हटलं.

दुपारी भाऊजी सोडून सगळी मंडळी सोनं वाटायला गेली. मी स्पिरिटचा बोळा घेऊन रूळ पुसायला बसले. आता मोडायचंच आहे तर निदान स्वच्छ मोडावं. चष्मा लावून वाकले तेव्हा फलाटावरची माणसं पहिल्यांदा नीट दिसली. ज्वारीच्या दाण्याएवढी. सगळ्यांची तोंडं गाडी येते त्या बाजूला. कोणाच्या हातात पिशवी नाही, पेटी नाही.

मी विचारलं, "भाऊजी, जाणारं कोणीच नाही का यात?"

ते खिडकीबाहेर पाहत होते. "वयनी, जिंदगीभर सोडतच आलो ना सगळ्यायले. म्हटलं, एक ठेशन फक्त घ्यायले आलेल्या लोकायचं असावं."

माझी पोरं शिकायला, नोकरीला, सासरी गेली. दर वेळी रुमाल टाकून जागा धरून, सामान वर चढवून त्यांना बसमध्ये बसवलं ते भाऊजींनीच. मी घरी डोळे पुसत बसायची आणि म्हणायची, भाऊजींना काय त्याचं, त्यांना कुठं पोरंबाळं आहेत. केवढी शहाणी होते मी तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. त्याला न्हाणीघराच्या नव्या दाराचं माप दिलं. साधं कर म्हटलं, पत्र्याचं चालेल.

मग वर गेले. रूळ लखलखीत होते. गाडीनं चक्कर मारली, न अडखळता, आणि न्यू वांकिडीला येऊन उभी राहिली. उभीच राहिली. मी म्हटलं, भाऊजी, सोडा की आता.

"थांबा वयनी," ते म्हणाले, "उतरू तं द्या त्यायले."