आधी तुमी, दाजी

आमचा मेव्हणा किसन, बेंबळीचा. वय पासष्ट, पण आजवर कुठल्या दारातनं पहिला आत गेला न्हाई. उंबऱ्यापाशी थांबतो, हात पुढं करतो अन् म्हणतो, "आधी तुमी, दाजी." नवं बियाणं आधी शेजाऱ्याच्या रानात उगवलेलं बघतो. पंगतीत बाजूच्याचं तोंड हलेपर्यंत लाडवाला हात लावत न्हाई. स्वतःच्या लग्नात बोहल्यावर चढताना वळून मला म्हणला, "आधी तुमी." म्या म्हणलं, "येड्या, माझं झालंय की तुझ्या बहिणीसंगं!"

ती बहीण, माझी बायको, औंदा संक्रांतीच्या तोंडावर गेली. मोठ्या आतड्याचा कॅन्सर. लई उशिरा कळला. डॉक्टरनं बजावलं होतं, तिच्या भावानं अन् पोरांनी दुर्बिणीनं आतडं तपासून घ्यावं. वेळेत सापडलं तर माणूस वाचतो. माझी दोन्ही पोरं पुण्यात. म्हणली, "आधी मामा जाऊ द्या." अन् मामा कसला जातो!

"मला काय धाड भरलीय? रोज सकाळी माझ्यावर घड्याळ लावून घ्या," म्हणायचा. "अन् दुर्बीण लांबचं बघायला असती, दाजी. ती तिकडनं कशाला घालायची?"

शेवटी म्या म्हणलं, "आधी म्या करतो."

"तुमी कुठं रक्ताचे?"

"रक्ताचा न्हाई, पण वयाचा हाय. डॉक्टरला इचारलंय."

आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध पिलो. चव अशी, की जनावरांच्या मिठाचा खडा पाण्यात कालवलाय. संडासाची वाट तुडवून पाय दुखले. किसन बाहेर खुर्ची टाकून हाका मारत बसला, "दाजी, हायत न्हवं?"

दुसऱ्या दिवशी धाराशिवला तपासणी झाली. झोपेचं इंजेक्शन दिलं, काय कळलंच न्हाई. माझं साफ निघालं. तरी किसननं मला बैल पारखावा तसा चार पावलं चालवून बघितलं. मग पुढल्या आठवड्यात, नाक दाबून, त्यानं औषध पिलं.

त्याच्या आतड्यात मांसाचा बारका कोंब सापडला. तवाच काढला अन् तपासायला धाडला. रिपोर्ट आणायला गेलो तर डॉक्टर म्हणले, "कॅन्सर नाही. पण राहिला असता तर पुढं झाला असता."

बाहेर आल्यावर किसननं आधी भाच्यांना फोन लावला. "मामाचं झालंय. आता तुमी. बहाणा सांगाल तर तंगड्या मोडीन." फोन ठेवला अन् बाकड्यावर बसून लहान लेकरासारखा रडला.

"दाजी, ओढ्याला पाणी आलं की आधी अक्का उतरायची. मधी उभी राहून म्हणायची, 'गुडघ्याएवढंच हाय, ये किसन्या.' मग म्या पाय टाकायचो. ह्यात बी तीच आधी उतरली."

म्या त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दिवेलागणीला माझ्या घरी आलो. ती गेल्यापासनं कुलूप काढलं तरी माझा पाय उंबऱ्यावर घोटाळतो. त्या दिवशी बी थांबलो. किसन माझ्याकडं बघत राहिला. मग चप्पल काढून पहिला आत गेला, चाचपडत बटण दाबलं अन् आतनं म्हणला,

"या दाजी. गुडघ्याएवढंच हाय."