पाटे दाबायला माणसं पाहिजेत

कासार आंबोली गावात गाडीतलं कुणाला काही कळत असेल तर ते फक्त आपल्याला, याबद्दल किशोरच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. दारावरून कुणाची गाडी नुसती गेली, तरी हा पठ्ठ्या चहा पिता पिता तिचा आजार सांगायचा. पण त्याच्या स्वतःच्या पिकपचा आजार मात्र साऱ्या गावाला दिसत होता! लग्नसराईत तो मांडववाल्यांना जनरेटर भाड्याने द्यायचा. जनरेटरची ट्रॉली मागे जोडली आणि हौद्यात केबलची भेंडोळी टाकली, की पिकप मागून मटकन खाली बसायची आणि तोंड आभाळाकडे करायची. हेडलाइटचा उजेड रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर!

"आंबं मोजायला निघालाय का?" त्याची बायको रेश्मा हसायची.

हे मात्र किशोरला झोंबलं. तो तडक पिरंगुटला नथू मिस्त्रीकडे गेला.

"तीन इलाज हायेत," नथू म्हणाला. "रबराचे ठोकळे, हवेचे फुगे, न्हाईतर स्प्रिंगला जादा पाटे. फुगं बरं. वजन असंल तवा हवा भरायची, नसंल तवा सोडायची."

"फुगं? गाडीचं काय बारसं हाय? पाटं टाका!"

"एकेक टाकतो."

"दोन-दोन टाका! आन् रबरबी टाका!"

"लई कडक व्हईल, किशोरभाऊ."

"व्हऊ द्या की! गाडी हाय, गादी न्हाई!"

झालं! जनरेटर जोडून पिकप गावात आली ती अगदी ताठ. किशोरने कारण नसताना तिला देवळापुढून दोनदा फिरवली. पण ट्रॉली सोडून रिकामी गाडी पळवली, तेव्हा पहिल्याच खड्ड्यात त्याचं डोकं टपाला लागलं. दुसऱ्या खड्ड्यात डबा उघडून आमटी काचेवर गेली. ही गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नाही.

इकडे रेश्माचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं होतं आणि रिकाम्या हातांनी परत यावं लागलं होतं. त्यामुळे यावेळी घरात सगळ्यांचाच जीव टांगणीला लागला होता. भूगावच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "बुधवारी दाखल व्हा. आणि हो, येताना दणके बसू देऊ नका!"

शेजारच्या निरंजनने आपण होऊन कार देऊ केली. पण किशोर कसला ऐकतोय! "दारात गाडी असताना बायकोला दुसऱ्याच्या गाडीतनं नेऊ? लोक तोंडात शेण घालतील!"

त्याची आई चंद्राबाई सगळी भावकी बरोबर न्यायची म्हणत होती. त्यावरही किशोर कडाडला, "दवाखाना हाय का जत्रा? तू आन् मी, बास!" चंद्राबाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

बुधवार उजाडला. रेश्मा मधे, चंद्राबाई खिडकीशी, अशी पिकप निघाली आणि आळीच्या तोंडाशी असलेल्या गटाराच्या पाइपावर चढली. धाड!

"अगं आई गं!" रेश्माने पोट धरलं. "थांबवा! मी न्हाई यायची हिच्यातनं!"

किशोरने करकचून ब्रेक दाबला. अजून मोठा रस्ताही लागला नव्हता, आणि भूगावपर्यंत गतिरोधक तर पावलोपावली! त्याने निरंजनला फोन लावला. कार जेजुरीला गेली होती. नथूला लावला. पाटे काढायला संध्याकाळ होईल म्हणाला. जनरेटर चांदे गावातल्या एका लग्नात अडकलेला.

जनरेटर! तो जोडला की गाडी कशी लोण्यासारखी चालते! म्हणजे वजन पाहिजे. पाच-सहाशे किलो, आत्ताच्या आत्ता! किशोरने क्षणभर आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"आय, बोलव भावकी."

चंद्राबाईने खिडकीतून अशी हाक मारली की आळीतली कुत्रीसुद्धा उभी राहिली. रुसलेल्या चुलत्या, आत्या, चुलतभाऊ, सगळे पिशव्या घेऊन तयारच होते! किशोर हौद्यापाशी उभा राहून माणसं निवडू लागला.

"सुलक्षणाकाकू, तुमी आदी! बरोबर चाकावर बसा!"

"म्हंजी? माझं वजन काढतुयास व्हय रं?"

"न्हाई काकू, तुमचा आधार हाय म्हनतोय! म्हसूतात्या, तुमी ऱ्हाऊ द्या. तुमचा उपेग न्हाई."

म्हसूतात्या हा शेजारचा शेळ्या-मेंढ्यावाला, अंगाने अगदी काटकुळा. त्याला हा अपमान सहन झाला नाही. तो तरातरा घरी गेला आणि आपला थोरला बोकड खांद्यावर घेऊन हौद्यात चढला.

"आता भरतंय का वजन?"

भरलं! पाटे दबले, पिकप खाली बसली आणि पालखीसारखी निघाली. खड्डे आले नि गेले, गतिरोधक आले नि गेले. मागे बायका गाणी म्हणत होत्या, बोकड मधेच सूर लावत होता. वाटेतलं भुकूम गाव आलं तशी रेश्माची मान कलली.

"आय! रेश्मा बोलंना! बघ की काय झालं!"

"वरडू नगं मुडद्या! झोपलीया ती."

किशोरला रडावं की हसावं ते कळेना. त्याने एका हाताने डोळे पुसले.

दवाखान्याच्या दारात हौद्यातून माणसं उतरतच राहिली. रखवालदार धावत आला. "अहो, मंगल कार्यालय पुढं आहे! आणि बोकड आत नाही जायचा!"

दुपारी सिस्टर बाहेर आल्या. "मुलगी झाली! मायलेकी दोघी सुखरूप!"

चंद्राबाईने तिथल्या तिथे जमिनीला हात लावून नमस्कार केला. सुलक्षणाकाकूंनी किशोरला पोटाशी धरलं, तसा तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. किती महिन्यांचं ओझं छातीवरून उतरलं होतं! आनंदीआनंद झाला, पेढे वाटले. मग भावकी एसटीने घरी गेली, आणि म्हसूतात्या बोकडासकट एका टेम्पोतून.

सिस्टरांनी बाळ किशोरच्या हातात दिलं. "सव्वातीन किलो! छान वजन आहे हं, अगदी काळजी नको."

किशोरने लेकीकडे पाहिलं. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात रिकामी पिकप शेपूट वर करून उभी होती.

"वजन छान हाय, सिस्टर," तो काकुळतीने म्हणाला, "पन एवढ्यानं पाटं दबायचं न्हाईत!"

खाटेवर रेश्माने डोळे मिटल्या मिटल्याच सांगितलं, "घरी जाताना मी न् बाळ रिक्षानं येनार. तुमी मागनं या उड्या मारत."