खोट काढणारे पाहुणे

गुलाबराव आपला चहाचा कप शेजाऱ्याच्या कपाशी बदलल्याशिवाय ओठाला लावत नसत. शेजारी बहुधा मीच. कुणी खरोखर विष घातलं असतं, तर हे लिहायला मी उरलो नसतो.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. अकोला-अमरावतीकडच्या जिनिंग फॅक्टऱ्यांचे, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या जिनांचे, आम्ही सात-आठ मॅनेजर. मॅनेजरकी शिकवणारी शाळा आमच्यापैकी कुणी पाहिली नव्हती. म्हणून ठरवलं, महिन्यातून एकदा एकाच्या जिनात जमायचं, काम बघायचं आणि निघताना यजमानाची एक खोट त्याच्या तोंडावर सांगायची.

गुलाबरावांना यात काळंबेरं दिसे. "फुकटात कोनी कोनाले शिकवते काय? ह्या लोकायचा डाव अलगच हाय," असं माझ्या कानात सांगत. असंच माझ्याबद्दल दुसऱ्यांच्या कानात सांगत असणार, याची मला खात्री होती. दुसऱ्याच्या जिनात मात्र डोळे फाडून बघायचे. आपल्याकडे बोलवायची वेळ आली की त्यांचा एखादा मावसा वारायचा. वर्षात तीन मावसे गेले. त्यांच्या आईला बहीण एकच होती.

पण त्या हंगामात त्यांचा नाइलाज झाला. जिनातल्या बाया टिकेनात. दिवाळीनंतर निम्म्या दुसरीकडे गेल्या. 'आणखी बाया गेल्या तर तुम्हीही जा,' असं शेठनं बजावल्याचं आम्हाला बाजारात कळलं. आणि मावशीचा संसार शाबूत असताना गुलाबरावांचं आमंत्रण आलं.

बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही अमरावतीला पोचलो. गुलाबराव दिवसभर आमच्या पाळतीवर. यंत्रं तेल पाजलेली, रुई स्वच्छ. खोट काही सापडेना. संध्याकाळी भोंगा झाला आणि गुलाबराव स्वतः फाटकात जाऊन उभे राहिले. कापूस चोरून नेतात म्हणून प्रत्येक बाईला ते पदर झाडायला लावत होते. एका म्हातारीनं न सांगताच पदर झाडला आणि मान खाली घालून निघून गेली. मला बघवेना.

चहाला बसल्यावर खोट सांगायची वेळ आली. आमच्यातले सर्वांत तरुण मॅनेजर तायडे म्हणाले, "गुलाबराव, तुमची खोट मशिनीत नाही, फाटकात हाय. माही माय जिनातच होती. पदर झाडून घरी आली का घंटाभर कोनाशी बोले नाही."

गुलाबरावांनी कप खाली ठेवला.

"इतक्या सालात सापडला काय कापूस?" तायड्यांनी विचारलं.

"नाही. चिमूटभरबी नाही."

"मंग काहून झाडाले लावून राहिले?"

आता गुलाबराव तायड्यांना हाकलणार, असं मला वाटलं. पण ते हळू आवाजात म्हणाले, "मले कोनी सांगतलंच नाही. जिनात सारे 'हो साहेब' म्हनतात. खोट सांगाले घरात कोनी लागते. माह्या घरात कोनीच नाही."

त्यानंतर त्या फाटकात कुणाचा पदर झाडला गेला नाही. राहिलेल्या बाया टिकल्या, गेलेल्यांपैकी काही परतही आल्या. शेठही पुन्हा काही बोलला नाही.

पुढच्या महिन्यात सगळे माझ्याकडे आले. चहा अकोल्याच्या जुन्या शहरात माझ्या घरीच ठेवला होता. बशा मांडता मांडता आमची ही म्हणाली, "ह्यायची खोट तुमी काय सांगसान? मले इचारा!" आणि तिनं पाढाच वाचला. सगळे हसले. गुलाबरावही हसले, पण तिच्याकडे बघतच राहिले.

निघताना त्यांनी मला दारामागे ओढलं, कुणी ऐकत नाही ना हे बघितलं आणि कानात म्हणाले, "पुढच्या बारीले माह्याकडंच या ना सारे. अजून लय खोट निघन माह्यात."